श्वासाचा हिशेब
(मंडळाच्या सभेत झालेले भाषण)



वय झाले की दम लागायचाच, असे आपल्या घरोघरी सहज म्हटले जाते. या समजुतीच्या आड एक आजार वर्षानुवर्षे दडून राहतो, म्हणून आम्ही आज त्याविषयी बोलत आहोत. तो आजार म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट विकार.

जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ साली स्पायरोमीटर हे यंत्र जगापुढे मांडले. छातीतून एकूण किती हवा बाहेर टाकता येते, हे त्यावर कळे. ती किती वेगाने पडते, या प्रश्नाचे महत्त्व पुढे विसाव्या शतकात ध्यानी आले.

आज रुग्णाला छातीभर श्वास घेऊन तो जोराने, अगदी अखेरपर्यंत फुंकावयास सांगतात. समजा, निरोगी माणसाने चार लिटर हवा सोडली. तर त्यातली तीन लिटरांहून अधिक पहिल्याच सेकंदात बाहेर येते. या विकाराच्या रुग्णाची एकूण हवा तीन लिटर भरली, तरी पहिल्या सेकंदात कदाचित दीडच लिटर येईल. श्वासनलिका रुंदावणारे औषध हुंगविल्यावरही हे प्रमाण ०.७० च्या खाली राहिले, तर मार्गात कायमचा अडथळा आहे असे मानतात. फुप्फुसेच आकसली असतील, तर दोन्ही आकडे बरोबरीने उतरतात आणि प्रमाण फारसे ढळत नाही.

अडथळ्यामुळे शिळी हवा आत कोंडून राहते. तुडुंब भरलेल्या घागरीत नवे पाणी कसे मावावे? फुप्फुसे फुगलेली असूनही माणूस धापा टाकतो, तो यामुळेच. ही कोंडलेली हवा फुंकून बाहेर येत नसल्याने तिचे मापन निराळ्या पद्धतीने करावे लागते.

विडी-सिगारेट हे याचे मोठे कारण. परंतु चुलीच्या वा कोळशाच्या शेगडीच्या धुरात आयुष्य काढलेल्या आमच्या माताभगिनींनाही तो गाठतो. त्यांच्या खोकल्याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते.

गेलेली शक्ती सहसा परत येत नाही. तथापि फ्लेचर आणि पीटो यांनी १९७७ साली दाखवून दिले की, धूम्रपान सोडल्यास पुढील ऱ्हासाचा वेग निर्व्यसनी माणसाइतका मंदावू शकतो. म्हणून जिना चढताना थांबणाऱ्या वडीलधाऱ्यांना वयाचा दाखला देऊन स्वस्थ बसू नये. त्यांची ही चाचणी करवून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.