इंजिनाची ताकद गेली तर

२५ जुलै २०२२. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात एक छोटं सेसना १५२ विमान येऊन आदळलं. विमानात एकटी प्रशिक्षणार्थी तरुणी होती. बारामती सुमारे १५ मैलांवर असताना इंजिनाची ताकद गेली होती. विमान मोडलं, पण तिचा जीव वाचला. केवढं मोलाचं आहे हे!

हेच उड्डाण केल्या केल्या घडलं तर? तेव्हा उंची नसते, वेग बेताचा, नाक वर. मन म्हणतं, मागे फिर, धावपट्टी तिथंच आहे. तिथंच घात होतो. कमी वेगात तिरपं वळताना पंखांची उचल तुटते आणि विमान खाली कोसळतं. म्हणून आधी नाक खाली. सेसना १५२ असेल तर ताशी ११० किलोमीटरच्या आसपास वेग राखायचा आणि समोरचंच मोकळं रान धरायचं. आपल्या बुलढाण्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतेल, सोयाबीन तुडवलं जाईल. तरी रानच बरं.

मुळात इंजिनाची ताकद जाऊ नये म्हणून निघण्याआधी टाकीच्या तळातलं थोडं इंधन पारदर्शक भांड्यात काढून बघतात. पाणी शिरलं असेल, तर त्याचा थेंब तळाशी वेगळा दिसतो.