पूल पडेल, पण जागा कुणाची?

मागच्या भागात बोलता बोलता मी म्हणालो होतो, की आमच्या सिरॅक्यूजमध्ये शहराच्या मध्यातून जाणारा महामार्ग पाडतायत. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, 'चांगला चालू रस्ता पाडतात कशाला?' खरं सांगतो, पाच-सहा वर्षांपूर्वी माझाही हाच प्रश्न होता. म्हणून आजचा भाग त्यावर.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. न्यूयॉर्क राज्याच्या मधोमध सिरॅक्यूज. एका बाजूला डाउनटाउन, म्हणजे कचेऱ्या, कोर्ट, जुनी थिएटरं. दुसऱ्या बाजूला टेकडी, तिच्यावर विद्यापीठ आणि इस्पितळं. आणि या दोघांच्या मधून खांबांवर उभा असलेला आय-८१. हा उंचावरचा भाग साधारण १.४ मैलांचा, म्हणजे सव्वादोन किलोमीटर. खाली आल्मंड स्ट्रीट. दिवसासुद्धा अंधारलेला, आणि हिवाळ्यात वरून मिठाचं पाणी ठिबकत असतं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात ना, तेच मीठ काँक्रीट आणि लोखंड दोन्ही खातं.

मी इथे शिकायला आलो तेव्हा सीनियर मुलांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, 'पुलाच्या पलीकडे चालत जायचं नाही.' का, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पुढे टेकडीवरच्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी लागली, उत्तरेकडच्या उपनगरात घर घेतलं आणि त्याच पुलावरून रोज ये-जा सुरू झाली. दारातून निघालं की पंधरा मिनिटांत पार्किंगमध्ये. पुलाखाली कोण राहतं, याचा विचार करायला त्या पंधरा मिनिटांत वेळच नव्हता.

आता थोडा इतिहास. १९५६ साली अमेरिकेत महामार्गांचा मोठा कायदा झाला. आंतरराज्य महामार्गाचा ९० टक्के खर्च केंद्र सरकार देणार, असं ठरलं. शहरांना ते जवळजवळ फुकटच वाटलं. रस्ता कुठून न्यायचा? जिथले लोक अडवू शकणार नाहीत तिथून. सिरॅक्यूजमध्ये ती जागा म्हणजे पंधरावा वॉर्ड. आधी ज्यूंची वस्ती, नंतर कृष्णवर्णीयांची. त्यांना इतरत्र घरं मिळतच नसत. बँका कर्ज देत नसत, घरमालक दारात उभं करत नसत. त्यामुळे शहरातले बहुतेक कृष्णवर्णीय या एका वॉर्डात. घरं जुनी होती, हे खरं. पण दुकानं होती, चर्च होती, शेजार होता. शहर पुनर्विकास आणि महामार्ग, दोन्ही मिळून तो वॉर्ड सपाट झाला. तेराशेच्या आसपास कुटुंबं उठवली गेली, असं सांगतात. १९६३ मध्ये जॉर्ज वायली नावाच्या, इथल्याच विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या पुढाकारानं लोक पाडकामाच्या जागी जाऊन बसले. अटका झाल्या. पण पाडकाम थांबलं नाही.

पुलाचं आयुष्य संपत आलं तेव्हा वाद सुरू झाला आणि दहा-बारा वर्षं चालला. पर्याय तीन. एक, तसाच नवा पूल बांधा. पण आजच्या नियमांनी तो जास्त रुंद होणार आणि शेजारच्या काही इमारती जाणार. दोन, बोगदा, तो कितीतरी महाग. तीन, पूल काढा, लांबची वाहतूक शहराला वळसा घालणाऱ्या आय-४८१ वरून न्या आणि शहरात साधे रस्ते, सिग्नल, फुटपाथ करा.

मी कुठल्या बाजूला होतो? पुलाच्या. उगाच शहाणपणाचा आव आणत नाही. माझी पंधरा मिनिटं जाणार होती. आणि विरोध करणारे सगळे स्वार्थीच होते असंही नाही. उत्तरेकडच्या सलाइना गावातली हॉटेलं जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांवर चालतात. रुग्णवाहिकेचं काय, हा प्रश्न खोटा नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोतही असंच झालं होतं. तिथला किनाऱ्यावरचा एम्बार्काडेरो फ्रीवे पाडायला मतदारांनी १९८६ मध्ये नकार दिला होता. १९८९ च्या भूकंपात तो मोडकळीला आला, तेव्हाही चायनाटाउनचे दुकानदार म्हणत होते, दुरुस्त करा, आमची गिऱ्हाइकं तुटतील. शेवटी १९९१ मध्ये पाडला, आणि आज तिथे लोक समुद्राकडे बघत फिरतात.

माझं मत बदललं ते लॅबमधल्या एका सहकारी बाईंमुळे. निवृत्तीला आलेल्या, कृष्णवर्णीय. २०२१ मध्ये जाहीर सुनावण्या चालू होत्या. डबा खाताना मी आपलं सहज म्हटलं, पूल गेला तर आपली पंचाईत होणार. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला घेऊन चालत पुलाखाली गेल्या. एका खांबाशी थांबल्या आणि म्हणाल्या, इथे साधारण आमचं स्वयंपाकघर होतं. मी इतकी वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरावरून गाडी नेत होतो.

मी लगेच म्हणालो, मग बरंच झालं की, पूल जातोय! त्या हसल्या. म्हणाल्या, पूल गेल्यावर इथलं भाडं किती असेल?

मंडळी, हा प्रश्न माझ्यासारख्या लालबागच्या माणसाला तरी आधी सुचायला हवा होता. माझे वडील गिरणीत होते. १९८२ चा संप आमच्या घरानं भोगलाय. पुढे गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या होणार म्हटल्यावर चाळीत केवढी आशा होती! १९९१ चा नियम सांगायचा की ढोबळमानानं एक भाग शहराला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल झाला. वाटणी फक्त गिरणीतल्या आधीपासून रिकाम्या जमिनीची. म्हणजे इमारतींखालची जमीन वगळली आणि वाटा चिमूटभर उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल उचलून धरला. आज तिथे मॉल आहेत, टॉवर आहेत. गिरणगाव सुधारलं, पण गिरणगावकर कुठे गेले? बदलापूर, विरार, नालासोपारा. 'मोकळी जागा' हा शब्द ऐकला की मला म्हणूनच धडकी भरते.

सिरॅक्यूजचं पुढे काय झालं? २०२२ मध्ये तिसरा पर्याय मंजूर झाला, खर्च सुमारे सव्वादोन अब्ज डॉलर. विरोधक कोर्टात गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयानं राज्याच्या बाजूनं निकाल दिला. दरम्यान २०२३ मध्ये काम सुरू झालंच होतं. आणि लोकांनी बोलून काही मिळवलंही. डॉ. किंग शाळेला लागूनच एक मोठं वर्तुळाकार चौक येणार होतं, पोरांच्या खेळाच्या जागेशेजारी. पालक आणि कार्यकर्त्यांनी लावून धरलं, तेव्हा ते दूर हलवलं.

पण बाईंच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी आहे. पुलाशेजारी पायोनियर होम्स आहे, देशातल्या अगदी सुरुवातीच्या सरकारी वसाहतींपैकी एक. तिच्यासह आसपासच्या भागाच्या पुनर्विकासाला २०२३ मध्ये ५ कोटी डॉलरचं केंद्रीय अनुदान मिळालं. राहणाऱ्यांना परत येण्याचा हक्क राहील, असं आश्वासन आहे. आपण मुंबईकर 'परत येण्याचा हक्क' म्हटल्यावर आधी काय विचारतो? संक्रमण शिबिरात किती वर्षं? लेखी आहे का? पुलाखालून सुटणाऱ्या जमिनीबाबत नागरी हक्कवाल्यांची मागणी आहे, की ती स्थानिकांच्या विश्वस्त संस्थेकडे द्या, म्हणजे बिल्डरला परस्पर विकली जाणार नाही. माझ्या मते सगळ्या वादातली कळीची गोष्ट हीच. रस्ता पाडायला यंत्रं पुरतात. जमीन कुणाच्या नावावर राहणार, हे मात्र पाडण्याआधी कागदावर यावं लागतं. नंतर भाव वाढले की कोण ऐकतंय?

पुण्यातले श्रोते म्हणतील, आमच्याकडेही पाडले की! विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले. खरंय, पण तिथे दुमजली पूल उभा करायला. इथे पाडतायत ते पुन्हा न बांधण्यासाठी. फरक लक्षात घ्या.

त्या बाई आता निवृत्त झाल्यात. मी अधूनमधून फोन करतो. पुलाचं काय चाललंय हे मी सांगतो, आणि भाड्याचं काय ठरलं हे त्या विचारतात. माझ्याकडे अजून उत्तर नसतं. येत्या महिन्यात घरांच्या आराखड्यावर बैठक आहे. या वेळी मी पार्किंगची चौकशी करायला जाणार नाही. तो खांब नेमका कुठे आहे ते सांगणार आहे, आणि तिथल्या जमिनीच्या कागदावर कुणाचं नाव लागणार, एवढंच विचारणार आहे.

तुमच्या गावात रस्त्यासाठी कुणाचं घर गेलं असेल, तर त्या माणसांचं पुढे काय झालं ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. नमस्कार.