माशाचा जागल्या



आपण कापूस-ज्वारीची माणसं. माशांचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. पण शेततळं खोदलं की रोहू-कटला सोडायचा विचार येतोच. आम्हीही सोडले. एका उन्हाळ्यात मासे उलटे तरंगू लागले. कुणीतरी औषधाची पुडी दिली. पैसे गेले, मासेही गेले. तेव्हा कळलं, आधी मासा स्वतःची राखण कशी करतो ते समजून घ्यायला हवं होतं.

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे पहिलं कुंपण. त्यात जंतूंचं कवच फोडणारी द्रव्यं असतात. कुंपण ओलांडलं की आत जागल्या असतो. जागल्या प्रत्येक चोराला नावानं ओळखत नाही, हातातली पहार पाहून ओळखतो. माशांना जखमा पाडणारा एरोमोनास हा जंतू शेपटीसारख्या धाग्यानं पोहतो. त्या धाग्याचं प्रथिन माशाच्या स्वतःच्या अंगात नसतं. पेशींवरचे ग्राहक तेच पकडतात आणि हाकाटी करतात. मग जंतू गिळणाऱ्या पेशी धावून येतात. विषाणूंची खूण वेगळी, तिचे ग्राहकही वेगळे.

अशी राखण फळमाशीतही आहे. ते १९९६ साली दाखवणाऱ्या जूल हॉफमन यांना २०११ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. झाडंसुद्धा त्याच धाग्यावरून जंतू ओळखतात. मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यात तो ग्राहक २००० साली सापडला.

रोग लक्षात ठेवणारी दुसरी फळीही माशाजवळ असते, पण ती उशिरा तयार होते. लहान पिल्लांची सारी भिस्त या जागल्यावरच. आणि उपाशी, गुदमरलेला जागल्या काय राखण करणार? तळ्यात दाटी झाली, उरलेलं खाद्य कुजलं, पाण्यातला प्राणवायू घटला, की माशाची ताकद खचते. जंतू तर पाण्यात असतोच. तो तेव्हा डाव साधतो.

म्हणून बीज बेतानं सोडा. खाद्य उरू देऊ नका. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर आधी पाणी बघा. रोगाची परीक्षा केल्याशिवाय जंतुनाशक पुडी तळ्यात टाकू नका. विषाणूवर ती चालत नाही, आणि जंतू तिला सरावतात. बोंडअळीनं हा धडा आपल्याला एकदा शिकवला आहे. त्याची फी आपण भरून बसलो आहोत. तळ्यात ती पुन्हा कशाला भरायची?