गर्भाशयमुखाची तपासणी आणि अकाली प्रसूती
(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



सातव्या महिन्यातच प्रसूती झाली आणि मूल हाती लागले नाही, अशी दुःखद वार्ता आपण साऱ्यांनीच ऐकली असेल. अशा वेळी दोष कधी दैवाला दिला जातो, तर कधी त्या सुनेलाच. परंतु या संकटाची चाहूल काही वेळा आधी लागू शकते.

गर्भाशयमुख हे गर्भाशयाचे दार होय. गरोदरपणाच्या मध्यास त्याची लांबी सामान्यतः ३५ ते ४० मिलिमीटर असते. २४ आठवड्यांपूर्वी ती २५ मिलिमीटरहून कमी भरल्यास अकाली, म्हणजे ३७ आठवड्यांआधी, प्रसूती होण्याचा धोका वाढतो. योनिमार्गाने केलेल्या सोनोग्राफीत ही लांबी अचूक मोजता येते. पोटावरून तितकी नाही. या तपासणीस काही मिनिटे पुरतात आणि बाळाला अपाय होत नाही. संकोचापायी ती नाकारणे हिताचे नाही.

सैल गर्भाशयमुखाला टाका घालण्याची शस्त्रक्रिया मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली व ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली गेली. त्या काळी पूर्वीच्या गर्भपातांवरून आणि हाताने तपासूनच निदान करावे लागे. आज मोजमाप हाताशी आहे. मुख आखूड आढळल्यास डॉक्टर योनिमार्गे प्रोजेस्टेरॉन देतात. पूर्वी अकाली प्रसूती झालेली असल्यास टाक्याचाही विचार करतात. आखूड मुख म्हणजे अकाली प्रसूती अटळच, असे मात्र नव्हे.

याच यंत्राचा गर्भलिंगनिदानासाठी दुरुपयोग झाला. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. मुलगा की मुलगी, हे या यंत्राला विचारणे गुन्हा आहे. मूल पुऱ्या दिवसांचे होईल ना, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.

म्हणून माझी विनंती अशी. गावातील गरोदर स्त्री १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीस पोहोचेल, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष द्यावे. गरज पडल्यास वाहनाची सोय करावी. शिक्षकांनी पालकसभेत सासूबाईंनाही हा विषय समजावून सांगावा. जिची आधीची प्रसूती अकाली झाली, तिने ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. तिची तपासणी सुमारे १६ व्या आठवड्यापासूनच सुरू करावी लागते. वेळ टळली, तर मोजमाप हाती येऊनही उपयोग होत नाही.