हसावे कोणाला? : चित्रपटातील दारुडा आणि दारू सोडणारा माणूस
(संस्थेच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



व्यसनमुक्तीवर बोलायचे तर डॉक्टरांनी बोलावे, नाहीतर समाजसेवकांनी. आम्ही यांपैकी कोणीच नाही. बँकेत कारकुनी करतो. मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालो, त्यामुळे नाटक-सिनेमाचा नाद तेवढा राहिला. म्हणून आमच्या आवाक्यातला एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. दारूचे व्यसन आणि त्यातून सुटका हा विषय हसत-खेळत, विनोदी चित्रपटातून मांडता येतो काय? आणि मांडायचा तर हसावे कोणाला?

आपण हसत आलो ते दारुड्याला. हिंदी चित्रपटात जॉनी वॉकर यांनी झिंगलेला माणूस असा उभा केला की प्रेक्षक आजही हसतात. हे मूळचे बद्रुद्दीन काझी, मुंबईच्या बसमधील कंडक्टर. पडद्यावरचे नाव मिळाले ते व्हिस्कीचे, पण ते स्वतः दारूला शिवत नसत असे सांगतात. पुढे केश्टो मुखर्जी यांची तर ओळखच दारुडा ही झाली. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ बच्चन आपल्या जखमेची मलमपट्टी आरशातल्या प्रतिबिंबाला करतात, तो प्रसंग कोण विसरेल? हे सारे कलावंत थोर. आमची तक्रार त्यांच्याविषयी नाही. तक्रार एवढीच की कॅमेरा त्या झिंगलेल्या माणसासोबत त्याच्या घरापर्यंत जात नाही. तो दारात पोचण्यापूर्वीच प्रवेश संपतो.

पगाराच्या दिवशी आमच्या खिडकीसमोर बायाबापड्या पासबुक पुढे करून विचारतात, “साहेब, कितीक उरले?” त्या पासबुकातल्या आकड्याला हसू येत नाही. पडद्यावरचा विनोद जिथे थांबतो, तिथून हा हिशेब सुरू होतो.

मराठी रंगभूमीने मात्र हा हिशेब फार पूर्वी मांडला. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. ते पाहायला गडकरी राहिले नव्हते. त्याच वर्षी २३ जानेवारीला, आपल्या विदर्भातील सावनेर येथे त्यांचे निधन झाले होते. नाटक शोकांत आहे. वकील सुधाकर अपमानाच्या भरात पहिला प्याला घेतो आणि त्याची पत्नी सिंधू, मूल, संसार सारे धुळीस मिळते. पण त्याच नाटकात तळीराम आहे, त्याचे ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे, आणि त्या प्रवेशांना प्रेक्षक पोट धरून हसत आले आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकतीस डिसेंबर आला की वर्तमानपत्रे ‘तळीरामांवर कारवाई’ असे मथळे देतात. तळीराम हे विशेषनाम भाषेत सामान्यनाम होऊन बसले. सुधाकराचे तसे झाले नाही, सिंधूचे नाही, आणि भगीरथाचे तर मुळीच नाही. हा भगीरथ कोण, असे कित्येक जण विचारतील. प्रेमभंगामुळे दारूकडे वळलेला हा तरुण त्याच नाटकात रामलालच्या उपदेशाने सावरतो आणि समाजकार्याला लागतो. म्हणजे दारू सोडून उभा राहिलेला माणूस शंभर वर्षांपूर्वी आपल्या रंगभूमीवर होता. आपण लक्षात ठेवला तो पिणारा, सोडणारा विसरलो.

सुधाकरही एकदा दारू सोडण्याचा निश्चय करतो. पण पूर्वीचे प्रतिष्ठित लोक त्याला पुन्हा उभे राहू देत नाहीत. अपमान करतात, आणि तो प्याल्याकडे परततो. गडकऱ्यांनी रोगाचे मर्म पकडले होते. दारू सोडणे एक वेळ जमते. सोडल्यावर चार माणसांत वावरणे कठीण असते, आणि तिथे औषध चालत नाही, माणसे लागतात.

आता व्यसनमुक्ती केंद्राकडे वळू. पुण्याचे ‘मुक्तांगण’ २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभे केले. अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून ज्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि केंद्राचे उद्‌घाटनही केले, ते कोण? पु. ल. देशपांडे! ज्या माणसाने अख्ख्या महाराष्ट्राला हसवले, त्यानेच व्यसनमुक्तीच्या घराचे दार उघडले. आम्हास हा नुसता योगायोग वाटत नाही. माणसावर लोभ असल्याशिवाय चांगला विनोद जमत नाही, आणि व्यसनी माणसाला बरे करणेही जमत नाही. डॉ. अनिता अवचट १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे हे काम वाढवले.

तेथील उपचार साधारण पाच आठवड्यांचा असतो. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतते. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावी लागते. (विद्यार्थ्यांनी हे घरी अवश्य सांगावे. ‘कोंडून ठेवा, आपोआप सुटते’ हा सल्ला घातक आहे.) त्यानंतर समुपदेशन, गटचर्चा, कुटुंबीयांशी बोलणे. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले लोक तेथे कार्यकर्ते म्हणून काम करतात. नव्या माणसाची थाप त्यांना लगेच कळते, कारण तीच थाप त्यांनीही कधीकाळी मारलेली असते. खरा विनोद आहे तो या जागी.

यावर एक हलकाफुलका चित्रपट अमेरिकेत निघाला. २००० सालचा ‘२८ डेज’. दिग्दर्शिका बेटी थॉमस, मुख्य भूमिकेत सँड्रा बुलक. नायिका बहिणीच्या लग्नात पिऊन केकवर कोसळते, गाडी पळवून एका घरावर आदळते. मग तुरुंग किंवा २८ दिवस व्यसनमुक्ती केंद्र, यांतून निवड. केंद्रात तिच्या गळ्यात पाटी अडकवतात. मजकूर साधारण असा की, मी मदत मागितली नाही तर मला जाब विचारा. हसू येते, पण ते तिच्या तोऱ्याचे. कोणाशी संसार मांडण्यापूर्वी एक रोप वर्षभर जगवून दाखवा, असा सल्ला तिथे मिळतो. गमतीचा आहे, आणि खराही. दुसरीकडे, तिच्या खोलीतली कोवळ्या वयाची मुलगी घरी जाण्याच्या सुमारास नशेच्या अतिमात्रेने दगावते. चित्रपट हसवतो म्हणून मृत्यू लपवत नाही. उणीव एवढीच की २८ दिवसांत सारे फार सुबक जुळून येते. आपल्या वस्तीत खरी परीक्षा एकोणतिसाव्या दिवशी सुरू होते.

तो एकोणतिसावा दिवस आपण सर्वांनी पाहिला आहे. अकोल्याची वस्ती असो की अमरावतीची, चित्र एकच. केंद्रातून परतलेला माणूस लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात बसतो. कोणीतरी हाक मारतो, “काय बे, साधू झाला का आता?” दुसरा म्हणतो, “एका घोटानं काय होते गा?” आणि सारे हसतात. मित्रहो, हेच ते ‘एकच प्याला’! शंभर वर्षांत वाक्य बदलले नाही. पिणाऱ्याला आपण हसलो, आता सोडणाऱ्यालाही हसतो. मग त्याने जावे कुठे?

हसवून सुधारण्याचे काम आपल्या वऱ्हाडात झालेच नाही असे नव्हे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेणगावचा. वडील दारूपायी लवकर गेले. बाळपण गेले अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची चाल मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले, असे सांगतात. म्हणजे ‘एका दिवसाने काय होते’ म्हणणाऱ्या भावकीला त्यांनी घरातच तोंड दिले होते. पुढे कीर्तनात वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना प्रश्न विचारत. लोक उत्तर देत, हसत, आणि हसता हसता ध्यानात येई की आपण आपल्यालाच हसलो. दारुड्याची नक्कल करून टाळ्या मिळवणे सोपे. ऐकणाऱ्याला स्वतःचे खोटेपण दाखवून हसवणे अवघड. विनोदी चित्रपटाने हे अवघड काम शिकावे.

तथागतांच्या पाचव्या शीलात मद्याला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, कारण मानले आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. बेसावध माणसाला हसणारा प्रेक्षक काही सावध नसतो. तोही तेवढाच गाफील असतो.

विद्यार्थ्यांना आमची एक सूचना आहे. स्नेहसंमेलनात आणि जयंतीच्या कार्यक्रमांत तुम्ही नाटिका बसवता. त्यांत झोकांड्या खाणारा दारुडा हमखास असतो, कारण हशा हमखास मिळतो. यंदा त्याला सुट्टी द्या. केंद्रातून परतलेला माणूस मांडवात आणा. आग्रह करणारा मेव्हणा, ‘मर्दासारखा घे’ म्हणणारा दोस्त, उद्यापासून सोडतो म्हणणारा शेजारी, यांच्यावर हशा घ्या. थापा इतक्या ओळखीच्या आहेत की संवाद लिहावेच लागणार नाहीत. घरच्या बाईला नुसती रडती ठेवू नका; नवऱ्याच्या थापा तिच्याइतक्या कोणाला पाठ असतात? आणि शेवटी तो माणूस चहाचा कप घेऊन सर्वांत मिसळून बसलेला दाखवा.

वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच. असा माणूस खरोखरच आपल्या मांडवात आला तर त्याला कोपऱ्यात बसू देऊ नका. पंगतीत वाढायला उभा करा, मुलांच्या कार्यक्रमाची जबाबदारी द्या. चार माणसांत त्याचे काम पडले म्हणजे त्याचे पाय तिकडे वळायचे थांबतात.