पहिला क्रमांक कोणाचा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी किमान वेतनावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी विषय कळवला तो अमेरिकेतील तीन गायिकांचा आणि त्यांच्या गाण्यांवरून भांडणाऱ्या रसिकांचा. चिटणिसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मी गाणे शिकलेलो नाही. शाळाच सातवीत सुटली. पण यंत्रमागांच्या खडखडाटात उभा जन्म गेलेल्या माणसालाही कान असतात, एवढे आपण मान्य कराल.

या गाण्यांकडे मी गेलो तो कारखान्याच्या वाटेने. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. तेथील कामगार चळवळीचा इतिहास वाचताना बेरी गॉर्डी या माणसाची गाठ पडली. हा कृष्णवर्णीय तरुण पूर्वी लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करीत असे. एका टोकाला नुसता सांगाडा यायचा आणि दुसऱ्या टोकाने नवी कोरी मोटार बाहेर पडायची. गाणीही अशीच का करू नयेत, असे त्याच्या मनात आले. १९५९ साली घरच्यांच्या फंडातून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन या नावाने गाजली. एका राहत्या घरात ध्वनिमुद्रण चाले. कोणती तबकडी बाजारात न्यायची हे ठरवायला शुक्रवारी बैठक भरे आणि मते घेतली जात. खिशात शेवटचा डॉलर उरला असेल तर ही तबकडी घ्याल की खायला सँडविच, असा रोकडा प्रश्न तेथे विचारीत.

या कंपनीत १९६१ साली शहरातल्या एका सरकारी वसाहतीतल्या मुली दाखल झाल्या. त्यांतल्या डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलर्ड या तिघी पुढे जगाला माहीत झाल्या. संचाचे नाव 'द सुप्रीम्स'. पहिली काही वर्षे त्यांचे एकही गाणे म्हणावे तसे चालले नाही, आणि कंपनीतले लोक त्यांची थट्टा करीत. १९६४ साली 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' हे गाणे देशात पहिले आले. त्या गाण्याचा ठेका लाकडी फळ्यांवर पाय आपटून धरलेला आहे! ते धरून ओळीने पाच गाणी पहिली आली, आणि १९६९ अखेर ही संख्या बारावर गेली.

आता या बारांत श्रेष्ठ कोणते? येथे रसिकांचे भांडण सुरू होते. माझ्या वयाच्या मंडळींना हे नवे नाही. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेली गीतमाला पुढे आपण सर्वांनी ऐकली. कोणते गाणे कोणत्या पायदानावर, यावरून चहाच्या टपरीवर अबोले धरलेले मी पाहिले आहेत. सुप्रीम्सचे रसिक तसेच. एक पक्ष 'यू कान्ट हरी लव्ह'चा; त्यांना सुरुवातीचा खर्जातला गिटार पुरेसा होतो. दुसरा पक्ष 'यू कीप मी हँगिन ऑन'चा. त्यातली गिटार तारयंत्रासारखी कटकटते आणि जीव टांगणीला लावते. ही दोन्ही गाणी १९६६ सालची. तिसरा पक्ष म्हणतो, डायना संच सोडून गेल्यावर १९७० साली निघालेले 'स्टोन्ड लव्ह' या सर्वांहून सरस आहे. ते सर्वसाधारण यादीत सातव्याच क्रमांकापर्यंत पोचले, हा यादीचा दोष.

हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. बाजाराची यादी विक्री मोजते. रसिक ती यादी हातात घेऊन म्हणतो, हे मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगतो. 'का' सांगायचे तर पुन्हा ऐकावे लागते. दहादा ऐकले की गाणाऱ्या बाईच्या आवाजामागचे आवाजही कानी पडू लागतात. आणि येथेच या वादाने मला पकडले.

बारावे गाणे 'समडे वुई'ल बी टुगेदर'. तबकडीवर नाव सुप्रीम्सचे. परंतु आवाज डायनाचा आणि साथीला भलत्याच गायिका. मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्सच्या जागी आलेली सिंडी बर्डसाँग, या दोघी त्यात गातच नाहीत. मग हे गाणे सुप्रीम्सच्या यादीत धरायचे का? रसिक यावर तावातावाने भांडतात. मला मात्र हा शुद्ध कामगारांचा प्रश्न दिसला. मालावर छाप एकाची, हात दुसऱ्याचे!

वाजवणाऱ्यांचीही तीच कथा. वादकांचा ठरलेला ताफा होता, त्याला पुढे 'फंक ब्रदर्स' म्हणू लागले. त्या घरात बसून त्यांनी कंपनीची बहुतेक गाणी वाजवली. त्या वर्षांत तबकड्यांवर त्यांची नावे छापली जात नसत. 'यू कान्ट हरी लव्ह'मधला तो खर्जातला गिटार जेम्स जेमर्सनचा. १९८३ साली कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, तेव्हा हा माणूस तिकीट विकत घेऊन वरच्या सज्जात बसला होता. त्याच वर्षी तो वारला. त्याचे नाव पुढे लोकांपर्यंत पोचले ते मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या चिकाटीमुळे. 'हे कोण वाजवतो आहे?' असे त्यांनी विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत सोडले नाही. १९८९ साली त्याच्यावर पुस्तक निघाले, २००२ साली ताफ्यावर बोलपट आला.

फ्लॉरेन्सला १९६७ साली संचातून काढण्यात आले. त्याच वर्षी संचाच्या नावात डायनाचे नाव पुढे आले. फ्लॉरेन्सचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. सरकारी मदतीवर जगण्याची वेळ आली. १९७६ साली ती वारली तेव्हा तिचे वय अवघे ३२ होते. आजही कोणी यादी मांडली की एखादा रसिक विचारतोच, फ्लॉरेन्सला पुढे उभी करून गायला लावलेली गाणी इतकी थोडी का?

गॉर्डीला मी खलपुरुष ठरवीत नाही. ज्या देशात काळ्या मुलामुलींना दारे बंद होती, तेथे त्याने दार उघडले. मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९६३ सालचे डेट्रॉइटचे भाषणही त्याच्याच कंपनीने तबकडीवर काढले. पण पट्ट्याच्या टोकाला मोटार दिसते, पट्ट्यावरचे हात दिसत नाहीत. स्वतः पट्ट्यावर उभा राहिलेला माणूसही ते विसरू शकतो.

हे दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार मला फारसा नाही. आमच्या एका मोठ्या संपाची स्मरणिका काढायची होती. नावांची यादी मी केली. पुढारी आले, तुरुंगात गेलेले आले, वर्गणी देणारे व्यापारीसुद्धा आले. प्रकाशनानंतर कांड्या भरणारी एक म्हातारी माझ्याजवळ आली. संपाच्या दिवसांत वस्तीवर भाकऱ्या गोळा करून फाटकापाशी पोचवणाऱ्या बायकांत ती पुढे असे. तिला वाचता येत नव्हते. नातवाकडून तिने सगळी पाने वाचून घेतली होती. ती म्हणाली, "दादा, पोरगं म्हणतंय आमचं नाव न्हाई. नीट बगितलं न्हाई का त्यानं?" पोराने नीटच बघितले होते. मी बघितले नव्हते. दुसरी आवृत्ती काढायला पैसे नव्हते, आणि ती होईपर्यंत थांबायला म्हातारीकडे आयुष्य नव्हते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. आपापल्या आवडीच्या गाण्यांच्या याद्या खुशाल करा, क्रमांक लावा, कडाकडा भांडा. त्यात वेळ वाया जात नाही. फक्त पहिला क्रमांक ठरला की तेथे थांबू नका. ते गाणे आणखी एकदा लावा आणि मागे कोण वाजवते आहे, कोण गाते आहे ते ऐका, आणि त्याचे नाव विचारा. तो माणूस जिवंत असेपर्यंत विचारलेत तर फार बरे.