लाकडाची कुट्टी करणारे जुने यंत्र

वैशाख सरत आला की जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांच्या गल्ल्यांतून करवतीचा आवाज ऐकू येऊ लागतो. रोहिणी नक्षत्र लागून पहिले वादळ सुटण्यापूर्वी विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्या छाटाव्या लागतात, छपरावर झुकलेला कडुनिंब हलका करावा लागतो, वठलेली बाभूळ उतरवून घ्यावी लागते. झाड छाटणे हे काम तसे अर्ध्या दिवसाचे. परंतु छाटलेला पसारा मात्र महिनाभर रस्त्याच्या कडेला पडून राहतो. पूर्वी हा पसारा सरपणासाठी हातोहात उचलला जाई. आता बहुतेक शहरी घरांत गॅस आला आणि डहाळ्यांना कोणी विचारीनासे झाले. मग त्या वाळतात, गटारात शिरतात आणि अखेर एखाद्या संध्याकाळी त्यांना काडी लावली जाते. तो धूर ज्यांच्या घरात शिरतो, त्यांना या प्रश्नाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

या पसाऱ्यावर तोडगा म्हणून वृक्षतोडीचे ठेके घेणारी मंडळी अलीकडे एका यंत्राकडे वळू लागली आहेत. त्यास सर्वत्र ‘चिपर’ असेच म्हणतात. सबंध फांदी तोंडात घालावी आणि दुसऱ्या बाजूने तिच्या ढलप्या ट्रॉलीत पडाव्या, हे त्याचे काम. फांद्यांच्या चार-पाच खेपांचा पसारा ढलप्यांच्या एका खेपेत सहज मावतो. हे यंत्र कालपरवाचे नव्हे. उत्तर जर्मनीतील पीटर येन्सेन याने १८८४ साली ते प्रथम बनविले असे मानले जाते. खानदेशातील शेतकऱ्याला त्याचे तत्त्व समजावून देण्याचीही गरज नाही, कारण त्याचा धाकटा भाऊ गोठ्यागोठ्यांत उभा आहे. कडबा कुट्टीच्या जड चाकाला पाती लावलेली असतात, ताट पुढे सरकते आणि पाते त्याचा तुकडा पाडते. चिपर म्हणजे लाकडाची कुट्टी; भेद इतकाच की येथे ताटाऐवजी मांडीएवढा ओंडका असतो आणि चाक फिरविण्यास मोठे डिझेल इंजिन लागते.

नवे मोठे यंत्र घेणे लहान ठेकेदारास परवडत नाही. म्हणून तो जुन्याच्या शोधात निघतो. आणि जुने यंत्र पाहताना त्याची नजर प्रथम दोन गोष्टींवर जाते, रंग आणि किंमत. या दोन्ही गोष्टी फसव्या आहेत. जुन्या यंत्राची खरी किंमत ते घरी आणल्यावर ठरते. त्यातून जे झिजून गेले, जे मोडले आणि जे कोणी मुद्दाम काढून टाकले, ते सारे पुन्हा बसविण्यास लागणारी रक्कम मूळ भावात मिळवावी, तेव्हाच सौदा स्वस्त की महाग हे कळते.

पहिला विचार यंत्राच्या जातीचा. चिपर दोन प्रकारचे असतात. एकात जाड पोलादी तबकडी फिरते आणि तिच्या तोंडावर पाती बसविलेली असतात. दुसऱ्यात आडवा ढोल फिरतो आणि पाती त्याच्या पाठीवर असतात. तबकडीच्या यंत्राच्या ढलप्या अधिक एकसारख्या पडतात. ढोलाचे यंत्र वेड्यावाकड्या, फाटे फुटलेल्या फांद्या अधिक सहज गिळते. रस्त्याकडेच्या बाभळीच्या काटेरी झुडपांसाठी ढोल सोयीचा ठरतो. मात्र कोणत्याही चिपरमध्ये केळीचा खुंट घालण्याचा मोह धरू नये. रावेर-यावलच्या पट्ट्यात तो मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु केळीचा खुंट म्हणजे पाणी आणि चिवट धागा. तो धागा ढोलाच्या धुऱ्याभोवती दोरखंडासारखा गुंडाळला जातो आणि यंत्र जागच्या जागी अडते.

दुसरा विचार परीक्षेचा. विक्रेत्याला आगाऊ सांगून ठेवावे की इंजिन थंड असताना ते पाहावयाचे आहे. तापवून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपविते. थंड इंजिन पहिल्याच धुरात ते बोलून दाखविते. त्यानंतर इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून, ढोल पूर्ण थांबल्यावर झाकण उघडावे. पाती बोथट असणे हा मोठा दोष नव्हे, त्यांना धार लावता येते. पाहावयाची ती पात्यांची बैठक. तेथे भेग असेल, किंवा कोणी वेल्डिंग करून भेग बुजविलेली दिसली, तर तेवढ्यावरून सौदा सोडून द्यावा. मोठ्या यंत्राचा ढोल मिनिटाला हजार ते दोन हजार फेरे घेतो. त्या वेगात सुटलेले पाते बंदुकीच्या गोळीहून फारसे निराळे नसते. ढोलाच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आहे काय, फिरत्या पात्यासमोरचे स्थिर पाते किती झिजले आहे, हायड्रॉलिक नळ्यांतून तेल पाझरते काय, हेही ओळीने पाहावे. फिरते आणि स्थिर पाते यांमध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटरचेच अंतर असावे लागते. ते वाढले की लाकूड कापले न जाता चिंधडते आणि डिझेल व्यर्थ जळते. यंत्र परदेशातून आलेले असल्यास आयातीच्या वेळी सनदी अभियंत्याने दिलेला दाखला मागून घ्यावा. यंत्राचे वय त्यावरून उमगते. शेवटी, विक्रेत्याने निवडलेली मऊ सुबाभूळ नव्हे, तर आपण बरोबर नेलेली ओल्या कडुनिंबाची आणि वाळलेल्या बाभळीची फांदी यंत्रात घालून पाहावी.

यंत्र खानदेशात आणल्यावर ते या भूमीच्या स्वभावाप्रमाणे सज्ज करावे लागते. येथील उन्हाळा काय आहे, हे भुसावळच्या रहिवाशांस विचारावे. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यात लाकडाचा भुसा उडून रेडिएटरच्या जाळीवर बसतो, आणि इंजिन दुपारी बारापूर्वीच तापून थांबते. म्हणून जाळीसमोर सहज काढून झाडता येईल अशी दुसरी बारीक जाळी बसवावी आणि काम पहाटे सुरू करावे. उन्हाळा संपला की काळी माती पुढे उभी राहते. दोन-तीन टनांचे यंत्र पावसानंतर कपाशीच्या रानात नेले तर चाके आसापर्यंत रुततात. रुंद टायर, दोन जाड फळ्या आणि ट्रॅक्टरला जोडण्याचा भक्कम आकडा, हा खर्च टाळता येत नाही. पात्यांचे निदान दोन संच हाताशी असावेत, कारण शहरातील झाडांच्या अंगात लोखंड असते. शिकवणीवर्गांच्या आणि दुकानांच्या पाट्या ज्या खिळ्यांनी झाडावर ठोकल्या जातात, ते खिळे पाटी गेली तरी राहतात आणि साल त्यांच्यावरून वाढत जाते. असा एक खिळा सकाळी लावलेली धार क्षणात घालवितो. झाडावर पाटी ठोकणाऱ्याला याची कल्पनाही नसते.

इतके सर्व झाले तरी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अद्याप राहिली आहे. आणि जुन्या यंत्रातून नेमकी तीच बहुधा नाहीशी झालेली असते. चिपरच्या तोंडाशी दातेरी रूळ असतात. फांदीचे टोक त्यांना लागले की ते तिला आत ओढून घेतात. मोठ्या यंत्रात हा वेग मिनिटाला सुमारे ३० मीटर, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर असतो. माणसाच्या बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंतचे अंतर सुमारे पाऊण मीटर भरते. तेव्हा बाहीचे टोक फाट्यात अडकले तर त्या माणसाजवळ दीड सेकंदाचा अवधी असतो. काय झाले हे उमगण्यातच तो अवधी संपतो. रुळांना फांदी आणि हात यांतील भेद कळत नाही.

यंत्र बनविणाऱ्यांना हे ठाऊक असल्यामुळेच त्यांनी तोंडाभोवती एक आडवी दांडी बसविलेली असते. अंगाचा, मांडीचा वा हाताचा धक्का तिला लागला की रूळ थांबतात किंवा उलटे फिरतात. शिवाय तोंडापुढची पन्हळ पुरेशी लांब ठेवलेली असते, की उभ्या माणसाचा हात रुळांपर्यंत पोचू नये. आता घडते काय, तर जाड फांद्या घालताना दांडीला वारंवार धक्का लागून काम अडते. दिवसाचा ठेका पुरा करण्याची घाई असते. मग कोणीतरी दांडी तारेने बांधून टाकतो आणि पन्हळीचा पुढचा भाग अडचण म्हणून कापून काढतो. यंत्र असेच एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि तिसऱ्या मालकाकडे काम करणाऱ्या मजुराला तेथे कधी दांडी होती हेही माहीत नसते.

ही भीती पोकळ नाही. मळणी यंत्रांनी देशभर शेतमजुरांचे हात तोडले, तेव्हा केंद्र सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला आणि त्यात जखमी मजुराच्या भरपाईचीही तरतूद करावी लागली. कडबा कुट्टीत बोटे गमावलेला मनुष्य ज्याच्या पाहण्यात नाही, असा खेडूत विरळा. तोच अनुभव अधिक मोठ्या यंत्रावर पुन्हा घेण्याचे काही कारण नाही.

म्हणून जुने चिपर घेणाऱ्याने पहिला पैसा रंगावर घालू नये आणि इंजिनावरही घालू नये. तो या दांडीवर घालावा. ती नसेल तर बसवून घ्यावी आणि रोज सकाळी पहिली फांदी घालण्यापूर्वी हाताने दाबून पाहावी. पन्हळ कापलेली असेल तर मूळ मापाची करून घ्यावी. आखूड फांद्या हाताने न लोटता लांब लाकडी दांड्याने लोटाव्या. यंत्रापाशी कधीही एकटा मनुष्य ठेवू नये. कानांवर आच्छादन आणि डोळ्यांवर जाळी असावी. गळ्यात गमछा, हातात कडे वा सैल बाही नसावी. डहाळ्या वेचण्यास स्त्रिया असतात. त्यांचा पदर खोचलेला असावा आणि त्यांनी यंत्राच्या तोंडाकडे येऊच नये. इंजिन बंद केल्यानंतरही जड ढोल कित्येक क्षण फिरत राहतो. आवाज थांबला म्हणून झाकण उघडणारा मनुष्य इंजिनाला नव्हे, तर त्या फिरत्या ढोलाला बळी पडतो.

यंत्र असे सज्ज झाले की ते खरोखर उपयोगी आहे. त्याच्या ढलप्या बागेतील आळ्यात वितीएवढ्या पसरल्या तर तापलेल्या मातीतील ओल टिकते. मात्र त्या बुंध्याला चिकटवू नयेत आणि मातीत पुरू नयेत, कारण पुरलेले ताजे लाकूड कुजताना मातीतील नत्र ओढून घेते. ताज्या ढलप्यांचा मोठा ढीग आतून तापतो, म्हणून तो पसरून वाळवावा. वाळलेल्या ढलप्या बॉयलरला चालतात. कपाशी निघाल्यावर बांधावर जाळली जाणारी पऱ्हाटीही बारीक करून कामी आणता येते. १९२४ साली माटुंग्यास स्थापन झालेल्या कापूस तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेने पऱ्हाटीपासून फळ्या बनविता येतात हे पुढे दाखवून दिले आहे.

यंत्र दारात आले म्हणजे झाड तोडण्याचा परवाना मिळाला, असे मात्र कोणी समजू नये. शहरातील झाडांना १९७५ च्या महाराष्ट्र कायद्याचे संरक्षण आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडास वारसावृक्षाचा दर्जा दिला आहे. धुळे-जळगाव महामार्ग रुंद होताना किती जुनी सावली गेली, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यास दिसतेच. ज्या यंत्राने पसारा आवरावयाचा, त्यानेच पसारा वाढवू नये.

सुशिक्षित गृहस्थ असे यंत्र स्वतः क्वचितच विकत घेईल. परंतु एखाद्या उन्हाळी सकाळी ते त्याच्या फाटकाशी येऊन उभे राहील, आणि ठेकेदार त्याला झटपट आणि स्वस्त काम करून देण्याचे वचन देईल. त्या वेळी त्याने भाव विचारण्यापूर्वी यंत्राच्या तोंडाकडे जावे आणि दांडी कोठे आहे, असे विचारावे. दांडी दाखवून, दाबून, रूळ थांबवून दाखविले तर काम द्यावे. ती तारेने बांधलेली असेल तर चहा पाजून ठेकेदारास परत पाठवावे. फांद्या आणखी आठ दिवस अंगणात पडून राहिल्या तर कोणाचे काही बिघडत नाही. गेलेला हात मात्र कोणत्याही बाजारात, जुना वा नवा, विकत मिळत नाही.